पाठिंबा कुणी दिला?

विधानसभेच्या प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात मोबाइलवर एक कार्ड येतं. वर क्रूस, मधे उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत ‘सकल ख्रिस्ती समाजाचा जाहीर पाठिंबा’ आणि तळाला सात-आठ चेहरे, प्रत्येकाच्या गळ्यात शाल. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर सकाळच्या बायबलवचनानंतर ते पडतं, चार अंगठे येतात, दुपारपर्यंत प्रार्थनेच्या विनंत्यांखाली गाडलं जातं. रविवारी उपासना सुटल्यावर पायऱ्या उतरता उतरता एक मावशी शेजारणीला विचारतात, “हे कधी ठरलं गं?” “ठरलं असंल की कमिटीत.” कमिटीतल्या गृहस्थांना विचारावं तर म्हणतात, “मी त्या दिवशी गावाला होतो.” विषय तिथंच संपतो, कारण फाटकाबाहेर प्रचाराची रिक्षा येऊन थांबलेली असते आणि तिच्या भोंग्यापुढं कुणाचंच काही ऐकू येत नाही. पण ज्यांच्या नावानं पाठिंबा जाहीर झाला त्यांतल्या कुणालाच तो आपण दिल्याचं आठवत नाही, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

असं कार्ड छापील पत्रक होऊन हाती आलं की चेहऱ्यांआधी तळ बघावा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १२७अ सांगतं की निवडणुकीच्या छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते असलेच पाहिजेत. नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पत्रक उमेदवाराच्या संमतीनं निघालं असेल तर त्याचा खर्च त्याच्या ४० लाखांच्या मर्यादेत धरला जातो. त्याच्या नकळत कुणी उत्साहानं छापलं असेल, तर खर्च करणाराच अडचणीत येऊ शकतो. आपल्याकडच्या पाठिंब्याच्या पत्रकांवर बहुतेक वेळा खाली ‘शुभेच्छुक’ एवढंच असतं. म्हणजे कागदाला बाप नाही. आणि ‘सकल’ म्हणजे तरी कोण? १८५२ साली मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले तेव्हापासूनची प्रॉटेस्टंट घराणी, मिस्साला जाणारे कॅथलिक, आजरा-चंदगडकडचे घरात कोकणी बोलणारे, इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी पत्र्याच्या खोलीत प्रार्थना करणारे नवे गट. यांचा नाताळचा कार्यक्रमसुद्धा एकत्र होत नाही. पाठिंबा मात्र एकमुखी होतो.

हे कार्ड निघतं कशासाठी, त्यामागं साधा हिशेब आहे. राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एक टक्का. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहा मतदारसंघांत प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास मतदार असतात, त्यात आपण चिमूटभर. पण २०२४ च्या विधानसभेला साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला आणि मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. हे आकडे उमेदवारांच्या माणसांना पाठ असतात. म्हणून दोन-चारशे मतांचा गठ्ठा ‘जोडून’ देणाऱ्याला किंमत येते, आणि ही किंमत मतदाराच्या खिशात पडत नाही. कोल्हापूरच्या राजकारणात पक्षापेक्षा गट मोठा. दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था या सगळ्यांत गट असतो आणि शेतातला पैरा, म्हणजे एकमेकांच्या रानात राबण्याची उसनवारी, फेडावा तसा राजकारणातलाही पैरा फेडला जातो. कुणाच्या मुलाला शिपायाची नोकरी लागलेली असते, कुणाचं ऊसबिल वेळेवर आलेलं असतं, कुणाच्या आईला दवाखान्यात खाट मिळालेली असते. त्याची परतफेड म्हणून एखादा माणूस स्वतःचं मत देईल तर तो त्याचा प्रश्न. तो सगळ्या मंडळीचं मत देऊन मोकळा होतो, तिथं गडबड सुरू होते.

यात भीतीचाही भाग असतो, आणि ती अगदीच खोटी नाही. मत गुप्त असतं हे खरं. कुणी कुणाला दिलं हे मतदाराकडून न्यायालयसुद्धा वदवून घेऊ शकत नाही. पण निकालानंतर नमुना २० प्रसिद्ध होतो आणि त्यात मतदान केंद्रागणिक प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार; त्यात एखादी ख्रिस्ती वसाहत मोठी असेल तर ‘तिकडनं आपल्याला किती पडली’ हे चहा पितापिता कळतं. केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजणारं यंत्र वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ मध्येच दिला होता, तो अजून अमलात आलेला नाही. त्यामुळे ‘साहेबांना कळलं तर’ ही कुजबुज खुळेपणाची नसते. तिच्यावर उपाय एकच दिसतो: वसाहतीचं मत एका बाजूला शंभर टक्के पडायला नको. माणसं खरोखर स्वतंत्रपणे विचार करून मत देऊ लागली की केंद्राचा आकडा आपोआप विस्कटतो आणि त्यातून कुणालाच काही वाचता येत नाही.

मग उमेदवाराला तोलायचं कसं?

पहिल्यांदा बघायचं ते आमदाराचं पद काय करू शकतं. विधानसभेच्या प्रचारात मागितलं जातं भलतंच आणि कबूल केलं जातं त्याहून भलतं. सगळ्यांत जिव्हाळ्याचं उदाहरण दलित ख्रिस्ती आरक्षणाचं. कोल्हापूर-सांगली भागातल्या पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांची मुळं पूर्वास्पृश्य जातींत आहेत, आणि धर्म बदलला तरी गावानं वागवण्याची रीत बदलली नाही हे घरोघरच्या आज्यांनी सांगितलेलं आहे. पण अनुसूचित जातींचा दर्जा ठरतो १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं. त्यात हिंदूंनंतर १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. हा प्रश्न केंद्राचा, संसदेचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोगही केंद्रानंच नेमला. तेव्हा आमदारकीचा उमेदवार चर्चच्या आवारात उभा राहून ‘तुम्हाला एससीची सवलत मिळवून देतो’ म्हणाला, तर त्याला विषय माहीत नाही किंवा आपल्याला तो माहीत नसेल असं त्यानं धरलेलं आहे. विधानसभेत ठराव मांडीन, म्हणाला तर ते खरं बोलणं. राज्याच्या हातात आहे ते वेगळं. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरलं जातं. तो दाखला मिळवताना तहसीलपासून पडताळणी समितीपर्यंत ज्या खेपा पडतात, त्या कमी करणं राज्याचं काम. आणि हातकणंगले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणजे तिथं ख्रिस्ती माणूस मत देऊ शकतो, त्या जागेवर उभा राहू शकत नाही. हे मतदान केंद्राच्या रांगेतल्या कितीजणांना ठाऊक असतं कोण जाणे.

राज्याच्या यादीत जे आहे ते मात्र आपल्या अंगणातलंच आहे. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, जमीन आणि राज्यसूचीतली दहाव्या क्रमांकाची नोंद: दफन आणि दफनभूमी. ही नोंद वाचताना जरा बरं वाटतं. घटना लिहिणाऱ्यांना माणूस कुठं पुरायचा याचीही काळजी होती. जुन्या दफनभूमीत नोव्हेंबरात गेलं की घाणेरीचा तो उग्र वास, पावसाळ्यात वाढून आता वाळलेलं गवत, एका बाजूनं ढासळलेली भिंत आणि भिंतीपलीकडं कुणाची तरी नवी पत्र्याची शेड, जी गेल्या वर्षीपेक्षा दोन फूट आत आलेली असते. जागा संपत आली म्हणून जुन्या कबरीवर नवी माती पडते. उमेदवार इथंच म्हणतात, “कंपाउंड घालून देतो.” चांगली गोष्ट. पण विचारायचं पुढचं: मोजणी झाली आहे का? सात-बाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर ही जागा कुणाच्या नावावर आहे, ट्रस्टच्या, नगरपालिकेच्या की शासनाच्या? हद्द कायम न करता घातलेली भिंत म्हणजे अतिक्रमणाला दिलेली कायमची मान्यता. पलीकडचा माणूस दोन फूट आत असतो आणि आपण सरकारी पैशानं त्याच्या बाजूनं भिंत बांधून देतो. ज्या उमेदवाराला ‘आधी भूमी अभिलेखकडून मोजणी, मग भिंत’ हा क्रम माहीत आहे, त्याला कामाची जाण आहे असं धरायला हरकत नाही.

पेव्हर ब्लॉकचंही तसंच. आपल्या भागात विकास म्हणजे पेव्हर ब्लॉक अशी काहीतरी समजूत झालेली आहे. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, पाच वर्षांत २५ कोटी. कुठल्या समाजाच्या आवारात दहा लाखांचे ब्लॉक बसवले तर तो त्या निधीचा अडीचशेवा भाग झाला. पैसा लोकांचाच. त्यासाठी शाल घालून आभार मानायचे असतील तर करदात्याला घालाव्यात. आचारसंहिता लागल्यावर असं आश्वासन विशिष्ट मतदारांपुढं दिलं आणि मतांचा सौदा झाला, तर तो लाचेच्या व्याख्येत जाऊ शकतो, हे देणाऱ्याइतकंच घेणाऱ्यानंही लक्षात ठेवायला हवं.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर एक अवघड गोष्ट बोलावी लागेल. मिशनच्या काळातल्या मोठ्या जागा, बंगले, शाळांची मैदानं आता शहरांच्या मधोमध आली आहेत आणि त्यांच्यावर अनेकांचा डोळा आहे, आपल्यातल्याही काहींचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला, धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हा कायदा राज्याचा आहे, तो बदलायचा तर विधिमंडळात बदलतो. म्हणून उमेदवाराचं शपथपत्र उघडल्यावर व्यवसायाच्या रकान्यात ‘बांधकाम’, ‘जमीन विकास’ असं काही असेल तर दोन मिनिटं जास्त थांबावं. बिल्डर असणं हा गुन्हा नाही. पण त्याची किंवा त्याच्या भागीदारी संस्थेची जमीन आपल्या संस्थेच्या जमिनीला लागून आहे का, आणि कार्डावरच्या सात-आठ चेहऱ्यांपैकी कुणी त्या संस्थेचा विश्वस्त आहे का, एवढं ताडून पाहिलं की पाठिंब्यामागचं गणित कधीकधी फार लवकर सुटतं.

शपथपत्र म्हणजे नमुना २६. उमेदवारानं अर्ज भरला की साधारण चोवीस तासांत ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येतं. आयोगाच्या अ‍ॅपवर नाव टाकलं तरी सापडतं. वाकडं स्कॅन केलेलं, पानोपान सही, नोटरीचा जांभळा गोल शिक्का नेमका आकड्यांवर मारलेला, आणि पानं बरीच. कंटाळा येतो. म्हणून आधी शेवटाकडचा भाग ‘ब’ वाचावा, तो सारांश असतो: खटले किती, जंगम-स्थावर मालमत्ता किती, देणी किती, शिक्षण काय. मग भाग ‘अ’ मध्ये मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न बघावं, स्वतःचं, पती किंवा पत्नीचं आणि अवलंबितांचं. उमेदवार आधी उभा राहिलेला असेल तर त्याचं मागचं शपथपत्रही तिथंच मिळतं. दोन्ही शेजारी ठेवायची. मालमत्ता वाढली म्हणून लगेच संशय घ्यायचा नाही, कारण जमिनीचा बाजारभाव वाढला तरी आकडा फुगतो. बघायचं ते ‘स्वकष्टार्जित’ रकान्यात नवी खरेदी किती आणि ती पाच वर्षांच्या उत्पन्नात बसते का. बसत नसेल तर देण्यांच्या रकान्यात तेवढं कर्ज दिसायला हवं. तेही नसेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मतदारालाही त्याविरुद्ध स्वतःचं शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देता येतं. ते कुणी देत नाही, ती गोष्ट वेगळी.

खटल्यांचा रकाना सगळ्यांत जास्त चुकीचा वाचला जातो. कोल्हापुरात टोलचं आंदोलन झालं, ऊसदराची होतात. रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्यावर जमावबंदी मोडल्याचे, सरकारी आदेश न मानल्याचे दहा-बारा गुन्हे सहज असतात. जुन्या भारतीय दंड विधानातली १४३, १८८ अशी कलमं. ‘त्याच्यावर बारा केसेस’ म्हणून त्याला बाद करायचं आणि एकच केस असलेल्याला धुतल्या तांदळाचा समजायचं, तर ती एक केस ४२० ची म्हणजे फसवणुकीची, ३५४ ची म्हणजे बाईच्या विनयभंगाची किंवा ३०७ ची म्हणजे खुनाच्या प्रयत्नाची असू शकते. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आणि हे आकडे बदलले: फसवणूक ३१८, विनयभंग ७४, खुनाचा प्रयत्न १०९. एकाच शपथपत्रात जुने-नवे दोन्ही आकडे येतात. आपण अल्पसंख्य म्हणून खास बघायची ती दोन: धर्माधर्मांत तेढ पसरवण्याचं १५३अ, आता १९६, आणि धार्मिक भावना दुखावण्याचं २९५अ, आता २९९. यांत आणखी एक मेख आहे. अशा प्रकरणात न्यायालयानं दखल घ्यायला आधी सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे कित्येक खटले वर्षानुवर्षं ‘प्रलंबित’ म्हणून पडून राहतात. ‘इतक्या वर्षांत काही सिद्ध झालं नाही’ असं उमेदवाराची माणसं सांगतात तेव्हा मंजुरी मिळाली होती का, हे विचारावं. खटले असलेल्या उमेदवाराला माघारीच्या तारखेनंतर तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर त्याची जाहिरात द्यावी लागते. पक्षालाही अशा माणसालाच तिकीट का दिलं हे लिहून प्रसिद्ध करावं लागतं आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये बजावलं. ही जाहिरात बारीक टायपात, पाचव्या-सातव्या पानाच्या कोपऱ्यात येते. पक्षानं दिलेली कारणं वाचण्यासारखी असतात. समाजकार्याची आवड सगळ्यांनाच असते.

आता धर्मांतरबंदीचा कायदा. ज्याची भीती चर्चच्या आवारात सगळ्यांत जास्त आणि माहिती सगळ्यांत कमी, तो हा विषय. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ राज्याकडे असल्यामुळे हे कायदे राज्यंच करतात. ओडिशानं १९६७ मध्ये केला, मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही वैध ठरवले; धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. महाराष्ट्रातही हा विषय विधिमंडळापर्यंत पोचलेला आहे. म्हणून उमेदवाराला ‘तुम्ही कायद्याच्या बाजूनं की विरोधात’ असं विचारून उपयोग नाही. समोर कोण बसलंय हे बघून तो उत्तर देणार. कलमांवर यावं. तक्रार कोण करू शकतो: फसलेला माणूस आणि त्याचे नातेवाईक, की कुणीही? उत्तर प्रदेशानं २०२४ च्या दुरुस्तीत ते दार कुणालाही उघडं केलं. सिद्ध करण्याचा भार कुणावर? आधी नोटीस द्यायची सक्ती असावी का? हिमाचलमधलं नोटिशीचं कलम तिथल्या उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये रद्द केलं होतं. घरात दहा माणसं प्रार्थनेला जमली तर कुठल्या कलमाखाली पोलीस येतील? जो उमेदवार यातल्या दोन प्रश्नांना तरी ‘मी वाचून सांगतो’ म्हणतो आणि खरंच वाचून सांगतो, त्याची आपल्याशी मतं न जुळली तरी त्याच्याशी पाच वर्षं बोलता येईल. आधीच आमदार असलेल्याची परीक्षा सोपी: सभागृहात चर्चा झाली तेव्हा तो बोलला का, काय बोलला. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाचं इतिवृत्त असतं.

इथं थांबलो तर मात्र सगळं ‘आपल्यापुरतं’ होतं, आणि तेवढंच तोलणारा मतदार ख्रिस्ती असला काय नि नसला काय. बायबलमधला यिर्मया संदेष्टा बाबेलात धरून नेलेल्यांना पत्र लिहितो, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा म्हणून. परक्या, जिंकणाऱ्या नगराचं. आपलं नगर तर परकंही नाही. शाहू महाराजांच्या काळात जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली त्यांत ख्रिस्ती मुलांचंही होतं. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात दगड पडले, इंटरनेट बंद झालं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या वाटेवर गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. आपल्या चर्चची काच तडकली नाही म्हणून आपण त्या आठवड्यात गप्प होतो का, हा प्रश्न आपला आपल्याला. पण उमेदवाराला तोलायला त्या दोन तारखा फार उपयोगी आहेत. त्याच्या फेसबुक पानावर मागं सरकत जा आणि ७, ८ जूनला आणि १४, १५ जुलैला त्यानं काय लिहिलंय ते बघा. भडकवणारं, शांत करणारं, की वाढदिवसाच्या शुभेच्छा? शेजाऱ्याचं घर फुटत असताना जो वाढदिवसाचे फोटो टाकतो, तो आपल्या घरावर वेळ आली तर काय टाकेल याचा अंदाज येतो. आणि महापुराचं पाणी, सीपीआर या सरकारी दवाखान्यातली खाट, हद्दवाढ, उसाचा काटा हेही आपलेच प्रश्न आहेत. शिरोळच्या ख्रिस्ती घरात पाणी शिरतं तेव्हा ते दारावरचा क्रूस बघून थांबत नाही.

पाळकसाहेबांनी किंवा फादरांनी सांगितलं तर? कॅथलिक धर्मगुरूंना चर्चच्याच कायद्यानं पक्षराजकारणापासून सहसा लांब ठेवलेलं आहे. बाकीच्यांचं ज्याच्या त्याच्यावर. पण देशाचा कायदा इथं फार नेमका आहे. अमक्याला मत दिलं नाहीत तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनावर बिंबवणं हा ‘गैरवाजवी प्रभाव’ म्हणून भ्रष्ट आचार आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(२). प्रार्थनास्थळाचा वापर प्रचारासाठी करायचा नाही, हे आचारसंहितेत आहे. आणि धर्माच्या नावानं मत मागण्याबद्दलचा सात न्यायाधीशांचा निकाल, २ जानेवारी २०१७ चा, आपल्याच राज्यातल्या, सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेला आहे. चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं की उमेदवाराच्या धर्माच्या नावानंच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानंही मत मागता येणार नाही. हे बंधन मागणाऱ्यावर आणि त्याच्या संमतीनं बोलणाऱ्यावर आहे. आपण मतदार म्हणून दफनभूमीबद्दल, प्रार्थनेच्या परवानगीबद्दल विचारलं तर त्यात काही गैर नाही. त्यानं ‘तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून मला द्या’ म्हणणं गैर. ‘आपला माणूस’ म्हणून अपक्ष उभा राहिलेल्या ख्रिस्ती उमेदवारालाही हेच लागू. त्याचं शपथपत्र जरा जास्तच बारकाईनं वाचावं, कारण तिथं डोळा लवकर ओलावतो.

हे सगळं एकट्यानं करायचं तर जीव जातो, आणि वेळही नसतो. २०२४ मध्ये माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० ला झालं. मधे रविवार आले दोन, १० आणि १७. त्याआधी मतदार यादीत नाव आहे का बघायचं असतं. नव्या नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी ८, आणि त्या वेळी नव्या नोंदणीचा शेवटचा दिवस होता १९ ऑक्टोबर. आपल्याकडं नावांची फार वाट लागते. दाखल्यावर दानियल, यादीत डॅनिअल, आधारवर तिसरंच. नर्सिंगला मिरजेला गेलेल्या मुलीचं नाव घरच्या यादीत, मुलगी ड्युटीवर. तेव्हा चार-पाच जणांनी मिळून कागद करावा आणि तो आधीच तयार ठेवावा. एका पानावर पाच प्रश्न, सगळ्या उमेदवारांना तेच, माघारीच्या दुसऱ्या दिवशी हातोहात द्यायचे, उत्तर लेखी मागायचं, मुदत आठ दिवस. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एक उपप्रश्न: यासाठी सभागृहात कुठलं साधन वापराल, तारांकित प्रश्न, लक्षवेधी की अशासकीय विधेयक? ‘पाठपुरावा करू’ हे उत्तर धरायचं नाही. या चार-पाच जणांनी पहिल्याच बैठकीत एकमेकांना सांगून टाकायचं, कुणाचा मुलगा कुठल्या उमेदवाराच्या संस्थेत नोकरीला आहे, कुणाचा ठेका कुठं चालू आहे. लाज वाटते, पण हे न सांगितल्यामुळेच पुढं शालीचे फोटो निघतात. बैठक चर्चमध्ये घ्यायची नाही. कुणाच्या तरी सोप्यात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये. उत्तरं आली तशी सगळ्यांना पाठवायची, खाली शिफारस लिहायची नाही. बिघडतं ते इथंच. उत्तरं बहुधा स्वीय सहायकानं लिहिलेली, तिन्ही उमेदवारांची सारखीच येतात, आणि मग कमिटीतल्या कुणाला तरी ‘आपण मार्गदर्शन करायला हवं’ असं वाटू लागतं. तो मोह आवरावा. न आलेलं उत्तर ‘उत्तर आलं नाही’ असं लिहून पाठवावं, ते पुरेसं बोलतं.

तरीही असं होतं की कागद वाचून झाले, माणसं भेटून झाली, आणि एकही धड वाटत नाही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाची गोष्ट आहे. झाडं राजा निवडायला निघतात. जैतून म्हणतं माझं तेल कोण बघेल, अंजीर म्हणतं माझी गोडी, द्राक्षवेल म्हणते माझा रस. शेवटी काटेरी झुडूप म्हणतं, या, माझ्या सावलीला बसा. या गोष्टीतला झुडपावरचा राग सगळ्यांना कळतो. जैतुनाला कुणी बोल लावत नाही. आपल्यातली शिकलेली, डॉक्टर-प्राध्यापक मंडळी ग्रामपंचायतीलासुद्धा उभी राहत नाहीत, ‘घाण आहे सगळी’ म्हणतात, आणि विधानसभेला मात्र पर्याय नाहीत म्हणून हळहळतात. ‘नोटा’चं बटण २०१३ पासून आहे, ते दाबायला हरकत नाही, पण नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी आमदार होतो तो दुसऱ्या क्रमांकाचाच, हे माहीत असून दाबावं. दोन वाईटांत कमी वाईट निवडण्यात काही बाटत नाही. कमी वाईटाला निवडून मग त्याला चांगला म्हणत सुटणं, तिथं मन बाटतं.

निकालानंतर तो पाच प्रश्नांचा कागद फेकू नये. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरतं, म्हणजे नाताळच्या तोंडावरच. निवडून आलेले आमदार मग शुभेच्छा द्यायला येतात, मेणबत्तीशेजारी फोटो होतो. केक पुढं करावा, आणि प्लेटीखाली तो कागद. पाचांपैकी कुठला प्रश्न कुठल्या तारखेला मांडला, ते त्यांच्या स्वीय सहायकाकडून तिथंच लिहून घ्यावं. मांडला नसेल तर अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चमध्ये मुंबईत असतंच.